रकाना सातवा

माणूस जिवंत आहे एवढ्यावरून तो जिवंत आहे असे मानता येत नाही. त्यासाठी दाखला लागतो. हा दाखला आमचे कार्यालय देते. दरवर्षी साधारण पाच हजार माणसे स्वतःच्या पायांनी चालत आमच्याकडे येतात, खिडकीसमोर खोकतात, शिंकतात, भांडतात, आणि आम्ही कागदपत्रे तपासून त्यांना ती हयात असल्याचे कळवतो. (गेल्या वर्षी अकरा जणांना तसे कळवता आले नाही. ते अजूनही भांडायला येतात.)

अशा नाजूक कामासाठी कार्यालयात चौतीस कर्मचारी आहेत आणि आठ खुर्च्या. जुन्या इमारतीत खुर्च्या पुष्कळ होत्या, पण नव्या इमारतीचा आराखडा ज्याने केला त्याने दालनाच्या लांबीत भिंतींची जाडीही धरली होती. त्यामुळे वर आठ टेबले, आठ खुर्च्या, आणि उरलेली सव्वीस माणसे तळघरात, असा तोडगा निघाला. तळघर आणि दालन यांच्यामध्ये बेचाळीस पायऱ्या आहेत. उद्वाहक नाही, आमचा शिपाई आहे. खालच्या माणसाला वर आणणे आणि वरच्याला खाली सोडणे हेच काम तो बावीस वर्षे करतो आहे, म्हणून त्याला सगळे लिफ्टदादा म्हणतात.

वर कोणी बसायचे आणि खाली कोणी, याला पूर्वी काही धरबंध नव्हता. जो आधी आला तो बसला. मग शाईवाला वर आणि शिक्केवाला खाली, शिक्केवाला आला की तपासनीस खाली, असा दिवसभर जिन्यावर राबता चाले. मी हेडक्लार्क या नात्याने एकदा मोजदाद केली: दिवसाला सहाशे अकरा फेऱ्या. दाखले निघत सतरा. गुडघेदुखीच्या रजा मात्र वेळेवर निघत.

या अंधारात प्रकाश पाडला तो साहेबांच्या भाचीने.

ही मुलगी कंपायलर लिहिते. एके दुपारी ती मामांचा विसरलेला चष्मा द्यायला आली आणि साहेबांनी सहज विचारले, “तू नक्की करतेस काय गं? तुझी आई सांगते, पण तिलाही कळलेलं नाही.”

भाचीने टेबलावरच्या आठ टाचण्या पुढे ओढल्या. “मामा, माणूस जे लिहितो ते यंत्राला जसंच्या तसं कळत नाही. ते यंत्राच्या हुकमांत उतरवून देतो तो कंपायलर. आता यंत्राच्या अगदी हाताशी अशा फार थोड्या जागा असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. तिथलं काम क्षणात होतं. बाकी सगळा पसारा दूर, मेमरीत. तिथून आणायचं म्हणजे वेळ जातो. तर कुठला आकडा हाताशी ठेवायचा आणि कुठला दूर पाठवायचा, हे कंपायलर आधीच ठरवून टाकतो.”

“म्हणजे वर आणि खाली,” साहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. चष्मा अजून डब्यातच होता.

“हो, तसंच समजा. ज्या आकड्याचा पुढे उपयोग आहे तोच जिवंत धरायचा. पुढे कुणालाच लागणार नसेल, तर तो असून नसल्यासारखा, जागा मोकळी. दोन आकडे एकाच वेळी लागत नसतील तर दोघांना एकच जागा. हे बघायला आम्ही चित्र काढतो: प्रत्येकाचं एक वर्तुळ, एकाच वेळी लागणाऱ्यांमध्ये रेघ. मग रंग द्यायचे, पण रेघेच्या दोन टोकांना एक रंग चालत नाही. जागा आठ, तर रंग आठ. आणि रंग पुरलेच नाहीत, तर ज्याला कमीत कमी वेळा हात लागतो त्याला बाहेर काढून मेमरीत ठेवायचं.”

साहेब उठून उभे राहिले. निवृत्तीला सात महिने उरलेला माणूस असा उठलेला मी पाहिला नव्हता. “लिहून घ्या!” ते मला म्हणाले. मी लिहीत होतोच. भाची दारापर्यंत गेली, मग वळून म्हणाली, “आणि मामा, बाहेर ठेवलेल्याला परत आणायलासुद्धा हाताशी एक जागा मोकळी लागते हं, नाहीतर सगळं अडकतं. आणि अहो, हे यंत्राबद्दल आहे.” तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. इतिवृत्तात मी मुख्य मुद्दे क्रमाने घेतले आणि शेवटी शिरस्त्याप्रमाणे एक ओळ घातली: इतर किरकोळ बाबींवरही चर्चा झाली.

आठवड्याभरात योजना लागू झाली. दालनाच्या भिंतीवर चौतीस वर्तुळांचा तक्ता लागला. रेघा मारायला तीन दिवस लागले, कारण प्रत्येकाचे म्हणणे असे की आपण दिवसभर सगळ्यांनाच लागतो. (तपासणीत असे आढळले की दिवसभर सगळ्यांना लागणारी वस्तू एकच, ती म्हणजे गोंदाची बाटली.) मग रंग दिले. सकाळी कुलपे उघडणारा आणि संध्याकाळी खिडक्या लावणारा, दोघे हिरवे, खुर्ची एक. सोमवारचा तपासनीस आणि गुरुवारचा फेरतपासनीस, दोघे जांभळे. जन्मतारखेचा तपासनीस मात्र कोणाशीच जुळेना. त्याला पिवळा रंग एकट्याला मिळाला आणि तो महिनाभर हवेत होता.

सर्वांत देखणी जोडी लाल रंगाची. आवकवाल्या ताई आणि जावकवाल्या वहिनी या नात्याने नणंद-भावजय. एका इस्त्रीवरून दोघींचे चार वर्षे बोलणे बंद. त्यांनी विचारले, वैराची रेघ धरणार का? साहेबांनी स्पष्ट निर्णय दिला की वैर हे काम नव्हे. आवक सकाळी, जावक दुपारी. म्हणून दोघींना एक खुर्ची. मग काय झाले ते नोंदवण्यासारखे आहे. ताई उठायच्या आधी खणात एक सेफ्टी पिन ठेवू लागल्या, कारण खुर्चीच्या वेताने वहिनींचा पदर फाटला होता. वहिनींनी उलट चिठ्ठी ठेवली: ‘मागचा उजवा पाय हलतो, जपून.’ दोघी एकमेकींना दिसत नसल्यामुळे संबंध इतके सुधारले की ताईंनी अर्धी खडीसाखर ठेवली.

फेऱ्या सहाशे अकरावरून चौऱ्याण्णववर आल्या. दाखले सतराचे एकशे सहा झाले. जिन्याच्या कठड्यावर धूळ बसलेली दिसली तेव्हा साहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही सगळेच एका आनंदात होतो. मला तर घरीही रेघा दिसत. बायको आणि मी स्वयंपाकघरात एकाच वेळी लागत नाही, हे तिथेच माझ्या ध्यानात आले. मी तिला ते सांगितले आणि त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात लागेनासा झालो.

यश मिळाले की माणूस थांबत नाही, आणि कार्यालय तर मुळीच नाही. साहेब म्हणाले, जो नियम कर्मचाऱ्याला योग्य तो नागरिकाला का नको? म्हणून दाखल्याच्या अर्जात एक रकाना वाढवला. आधी सहा होते: नाव, वय, पत्ता, ओळखखूण, स्वाक्षरी, अंगठा. आता सातवा: यापुढील उपयोग. ज्याचा पुढे कोणाला उपयोग आहे तो हयात. बाकीच्यांबद्दल कार्यालयाला सहानुभूती आहे.

हा रकाना कोरा ठेवून अर्ज करणारे पहिले गृहस्थ म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर.

मास्तर निवृत्त शिक्षकांच्या निवासात खोली क्रमांक अकरामध्ये राहत. खोलीला दक्षिणेची खिडकी होती, आणि त्या खिडकीत बसून ते जुने नकाशे डकवत. निवासाचा नियम असा की दरवर्षी महिनाअखेरीपर्यंत हयातीचा दाखला आला नाही, तर खोली प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला. पुढचे होते चित्रकलेचे मास्तर. ते एव्हाना दोनदा टेप घेऊन येऊन पडद्यासाठी खिडकीचे माप घेऊन गेले होते. “घाई नाही हं,” असे ते दोन्ही वेळा म्हणाले होते.

“सातवा रकाना कोरा आहे,” मी मास्तरांना म्हणालो.

“काय लिहू? बायको गेली. मुलं मोठी झाली, त्यांना रस्ते माहीत झाले. मी शिकवलेल्या तीन देशांची तर नावंच राहिली नाहीत.”

“आठवून पाहा. कोणाला काही लागत असेल तुमचं.”

मास्तरांनी खूप विचार केला. “शेजारचे माझी शिडी नेतात.”

“शिडीचा उपयोग आहे, मास्तर. शिडीने अर्ज करावा.”

हे मी बोललो. तेव्हा मला ते चोख वाटले होते आणि मागच्या रांगेतले दोघे हसलेही. मास्तर हसले नाहीत. त्यांनी अर्ज चार घड्या करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “पुन्हा येतो.” ते त्या महिन्यात तीनदा आले. दर वेळी रकाना कोरा होता, आणि दर वेळी मी तो कोरा असल्याचे तत्परतेने निदर्शनास आणून दिले. आज हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. पण ती वेगळ्या कागदावर लिहिलेली आहे.

इकडे साहेबांना चौऱ्याण्णव फेऱ्याही खुपू लागल्या. शून्य का नाही? मग उपयोगाची मोजणी झाली. कोणाच्या हातचा कागद पुढच्याच्या हातात गेला की त्याच्या नावापुढे एक रेघ. कमीत कमी रेघा असलेले खाली. आठ दिवसांचे आकडे असे: शिक्केवाला चारशे, पिवळा तपासनीस तीनशे नव्वद, मी नऊशे बारा. (मोजणी माझ्याकडे होती.) साहेब आठ, कारण ते दिवसातून एकदा, चार चाळीसला, सगळ्या गठ्ठ्यावर एकदम सह्या करत. लिफ्टदादा शून्य. त्याच्या हातून एकही कागद पुढे जात नसे. तो फक्त माणसे आणी.

साहेब उशी काखेत मारून खाली गेले. नियमापुढे आपणही आकडाच, असे ते म्हणाले आणि अठराव्या पायरीवर दम खायला थांबले, तेव्हा जिन्यातून टाळ्या पडल्या. त्यांच्यामागून लिफ्टदादा गेला. तो सगळ्यांत शेवटी खाली उतरला आणि म्हणाला, “मग आता कोणी हाक मारली तर?” आम्ही त्याला म्हणालो, आता हाकांचे प्रमाणही कमी होईल.

एक पुरवणी नियम मात्र मला करावा लागला. तळघरातले लोक ऊन बघायला म्हणून वर येत, फोनला रेंज नाही म्हणून वर येत. तेव्हा असे ठरले: वरून आलेल्या माणसाने नेल्याशिवाय खालच्याने वर येऊ नये.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी फेऱ्या शून्य होत्या. तक्ता इतका सुरेख दिसत होता की मी त्याचा फोटो काढला. दोन वाजून दहा मिनिटांनी शिक्केवाल्याची शाई संपली. शाईवाला खाली. आणायला कोणी नाही, म्हणून शिक्केवाला स्वतःच उतरला. बेचाळिसावी पायरी संपली आणि तो तळघरात उभा राहिला, म्हणजेच तो खालचा झाला. आता वरून कोणी नेल्याशिवाय त्याला वर येता येईना. तो समंजस माणूस, बसला. वीस मिनिटांनी त्याला आणायला पिवळा तपासनीस गेला. तळघरात पाऊल पडताच तोही खालचा झाला आणि बसला. त्याला आणायला फेरतपासनीस. मग जावकवाल्या वहिनी. असे करत पावणेचारला मी दालनात एकटा उरलो. आठ खुर्च्या, एकही तंटा नाही, कुठलेही दोन रंग एकमेकांना भिडलेले नाहीत. मी तक्ता गुंडाळला, दिवे मालवले आणि सगळ्यांना आणायला खाली गेलो.

तळघराचे दार उघडेच होते, हे आवर्जून नमूद करतो. वर जाण्यापासून आम्हाला नियमाखेरीज कोणीही अडवलेले नव्हते. नियम शिथिल करायला साहेबांची परवानगी हवी. साहेब माझ्या शेजारीच उशीवर बसले होते. पण परवानगीवरची सही वरच्या टेबलावर केली तरच ग्राह्य. साहेबांनी बसल्या जागी तीन वेळा पेन उघडून पाहिले आणि तीनही वेळा टोपण लावले. ताई आणि वहिनी चार महिन्यांनी समोरासमोर आल्या. पहिली पाच मिनिटे दोघींनी एकमेकींचे हात धरले, सहाव्या मिनिटाला इस्त्रीचा विषय निघाला.

लिफ्टदादा मला म्हणाला, “ती मुलगी जाताना काहीतरी बोलली होती. मी दाराशीच होतो. एक जागा मोकळी ठेवा म्हणाली, आणायला-न्यायला.”

मी इतिवृत्ताची वही उघडली. ‘इतर किरकोळ बाबी.’ अक्षर माझेच, वळणदार. तेहतीस माणसांच्या देखत ती ओळ वाचताना माझे कान तापले, हे मी नाकारत नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी वर पावले वाजली. अंधाऱ्या दालनात कोणीतरी हाक मारली, “कोणी आहे का?”

आम्ही चौतीस जण एका आवाजात ओरडलो, “वर कोणी नाही!”

 मग जिन्यावर एकेक पायरी मोजल्यासारखा आवाज. मास्तर उतरत होते, एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात चार घड्यांचा अर्ज. बेचाळीस पायऱ्यांना त्यांना चार मिनिटे लागली. खाली येऊन त्यांनी आम्हा सगळ्यांकडे पाहिले, जसे वर्गात उशिरा आलेल्या मुलांकडे पाहतात तसे.

“तुम्ही इथं का बसलात?”

आम्ही नियम सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “मी कुठून आलो?”

“वरून,” शिक्केवाला उठून उभा राहत म्हणाला, “आणि तुम्ही कर्मचारी नाही, म्हणून खालचे होत नाही.”

“मग चला. धक्काबुक्की नको. ज्याचं काम आधी तो आधी.”

मास्तरांनी आम्हाला रांगेत वर नेले. आधी शाईवाला आणि शिक्केवाला. त्यांना खुर्चीत बसवून ते परत उतरले, तपासनीसांना घेऊन गेले. मग मी. मग साहेब, उशीसकट. पाचव्या फेरीला त्यांचा गुडघा वाकेना, तेव्हा लिफ्टदादाने त्यांना विचारले, “मला न्याल का आधी? साहेब आता टेबलावर आहेत, मला ये-जा करायची सूट सही करून देतील. पुढचे मी आणतो.” मास्तर त्याचा हात धरून वर आले आणि उरलेली माणसे लिफ्टदादाने साडेचार मिनिटांत आणली. बावीस वर्षांत त्याच्या नावापुढे पहिली रेघ मी त्या दिवशी मारली.

अर्ज सगळ्या टेबलांवरून फिरला. पाच वाजून पंचवीस मिनिटे. सातव्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिले: ‘चौतीस जणांना वर आणणे.’ सही केली. अर्ज हेडक्लार्कच्या शेवटच्या शिक्क्यासाठी माझ्यापुढे आला, मी शिक्का उचलला, आणि तो माझ्या हातात तसाच राहिला.

कारण चौतीस जण वर आलेले होते. उपयोग झाला होता. रकाना यापुढील उपयोगाचा होता, झालेल्या नव्हे. नियम आमचाच, आणि तो स्वच्छ होता. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे कार्यालय बंद व्हायला दोन मिनिटे उरली होती. दाराबाहेर बाकावर चित्रकलेचे मास्तर बसलेले मला दिसत होते. मांडीवर टेप होती.

मी मास्तरांना हे सांगितले. मान वर करून सांगवेना, म्हणून शिक्क्याकडे बघत सांगितले.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या तक्त्याच्या गुंडाळीकडे पाहिले. “हा तक्ता उद्याही लागणार आहे का?” त्यांनी विचारले.

“लागणार,” साहेब ठामपणे म्हणाले.

“मग उद्याही तुम्ही सगळे खालीच असाल,” मास्तर म्हणाले. “मी सव्वाचारला येतो.”

मी शिक्का इतक्या जोरात मारला की गोंदाची बाटली आडवी झाली.

तेव्हापासून आठवी खुर्ची आणण्या-नेण्यासाठी मोकळी असते. तिच्यावर मास्तर आणि लिफ्टदादा दोघे बसतात. एक जिन्यावर असतो तेव्हा दुसरा खुर्चीत, म्हणून दोघांचा रंग एक. मास्तर फावल्या वेळात तिथे नकाशे डकवतात. भाची आली तेव्हा तिने तक्त्यावरच्या रेघा बोटाने मोजल्या, मग म्हणाली, “मामा, हे खरंच चालतंय?” आणि तिने तिच्या वहीत काहीतरी टिपून घेतले.

सातवा रकाना अर्थातच रद्द झालेला नाही. उलट त्याचे यश पाहून पुढच्या महिन्यापासून तो वयाची अट काढून सर्वांना लागू होतो आहे, आणि त्यासाठीच हे निवेदन सविस्तर लिहिले. तुम्ही ते इथवर वाचलेत. माझ्या अंदाजाने याला पाव तास लागतो. या पाव तासात तुम्हाला कोणी हाक मारली का, कोणाला तुमचे काही लागले का, हे मी विचारत नाही. ते आमच्याकडे मोजलेले आहे. (वाचन हा उपयोग धरला जात नाही.)

घाई नाही हं. फक्त मघाशी दारावर कोणी आले होते ते बघून या, आणि त्यांच्या हातात टेप असेल तर त्यांना खिडकी दाखवा.